शिकलगाराचे काम: बीड परिसरातील शस्त्रे उजळण्याचा इतिहास

बीड जिल्ह्याच्या लष्करी इतिहासाचे लेखन आजवर किल्ले, लढाया आणि तह यांच्या आधारे झाले आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण उत्तरेला गोदावरी, दक्षिणेकडे मांजरा आणि मधून गेलेली बालाघाटची डोंगररांग असा हा मुलूख अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही, मोगल, हैदराबादचे निजाम आणि मराठे यांच्या सरकत्या सीमांवर शतकानुशतके राहिला. या सर्व सत्तांच्या सैन्यांत बंदूक होती, आणि आज उडवलेली बंदूक उद्याही उडावी म्हणून नळी धुणारा, कान मोकळा करणारा, गंज उतरवून लोखंडाला तेल देणारा कोणीतरी त्या प्रत्येक सैन्यासोबत असावा लागे. नळी घडवणाऱ्या कारागिराचे नाव कधी कधी नळीवरच कोरलेले सापडते, ती बाळगणाऱ्या सरदाराचे नाव बखरीत येते. शस्त्र उजळणाऱ्या शिकलगाराचे नाव मात्र सहसा कोठेच येत नाही. ही उणीव केवळ एका जातसमूहावरील अन्यायाची नाही, कारण शस्त्रांची निगा वगळून लिहिलेला युद्धाचा इतिहास तंत्रदृष्ट्याही अपुरा राहतो.

वापरलेली बंदूक साफ करणे अपरिहार्य का होते, हे समजण्यासाठी काळ्या दारूचे स्वरूप ध्यानात घ्यावे लागते. सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या मिश्रणातून होणारी ही दारू पेटली, की तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायूत न बदलता घनरूपच राहतो. त्यातला काही अंश पांढऱ्या धुराबरोबर बाहेर पडतो आणि उरलेला नळीच्या आतल्या अंगाला काळ्या, खरखरीत थराच्या रूपाने चिकटून बसतो. या थरात पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट आणि सल्फाइड हे क्षार असतात, ते हवेतील ओलावा ओढून घेतात, आणि दमट हवेत न धुता ठेवलेली नळी एका रात्रीतही गंजू लागते. हे क्षार तेलात विरघळत नसल्यामुळे वरवर तेल चोपडून काही साधत नाही. आधी पाणी, तेही शक्यतो गरम, नळीतून खेळवावे लागते, म्हणजे क्षार वाहून जातात आणि तापलेले लोखंड आपोआप लवकर कोरडे होते. तेल लावण्याची पायरी त्यानंतरची. ठासणीच्या बंदुकीत, म्हणजे तोंडाकडून दारू आणि गोळी भरून गजाने ठासायच्या बंदुकीत, हा थर दुहेरी अडचण करी: नळीचे पोट आवळत जाऊन गोळी आत उतरेनाशी होई, आणि नळीच्या बुडाशी असलेले बारीक छिद्र, ज्याला कान म्हणत, ते बुजून जाई. कानाजवळ ठेवलेली रंजक, म्हणजे पेटवणीची बारीक दारू, भडकून जाई आणि आतला बार तसाच राही. अशी बंदूक हातात असलेला शिपाई ऐन लढाईत निःशस्त्र माणसाहून फारसा वेगळा नसे.

या जिल्ह्यातील धारूरचा किल्ला विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाचा सरदार किश्वर खान याने १५६७ च्या सुमारास उभारला, आणि थोड्याच काळात मुर्तझा निजामशहाने तो जिंकून घेतला. त्याच अली आदिलशहाच्या दरबारात फत्हुल्लाह शिराझी हा इराणी विद्वान आणि यंत्रज्ञ होता. अलीच्या मृत्यूनंतर, १५८३ मध्ये, तो अकबराच्या दरबारी गेला. ‘आईन-इ-अकबरी’ या ग्रंथात अबुल फजलने एका चक्राचे वर्णन केले आहे, जे गुराच्या बळावर फिरे आणि ज्यामुळे बंदुकीच्या १६ नळ्या एकाच वेळी थोडक्या अवधीत साफ होत. अबुल फजल या चक्राचे श्रेय अकबराला देतो. पुढील अभ्यासकांनी मात्र त्यामागे शिराझीची बुद्धी पाहिली आहे, आणि दरबारी लेखनात बादशहाच्या नावावर किती गोष्टी जमा होतात हे पाहता ते मत अधिक पटणारे आहे. श्रेय कोणाचेही असो, नळी साफ करण्यासाठी बैलचलित यंत्र रचावेसे वाटले यातच या कामाचा बोजा केवढा होता ते दिसते. शाही कारखान्याला असे यंत्र परवडत होते. धारूरसारख्या सरहद्दीवरील किल्ल्यावर हे काम गज, चिंधी, पाणी आणि माणसाचा हात यांवरच भागवावे लागणार हे उघड आहे.

मराठी राजनीतीच्या ग्रंथांत या विषयाची सर्वांत नेमकी दखल रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त, म्हणजे १७१५ च्या सुमारास, घेतलेली आढळते. किल्ल्यांच्या प्रकरणात अमात्य सांगतात, की पावसाळ्यात तोफांना तेल-मेण द्यावे, त्यांचे कान मेणाने बुजवावेत, वर आच्छादन घालावे, आणि साठवलेली दारू व बाण ठरावीक दिवसांनी बाहेर काढून, ऊन देऊन, पुन्हा मुद्रा करून ठेवावे. या सूचनेत रसायनाचे नाव नाही, पण समज पूर्ण आहे: कान हे पाणी शिरण्याचे पहिले ठिकाण आहे, मेण पाण्याला अडवते, आणि दारूचा शत्रू म्हणजे ओल, हे तिघांचे नाते अमात्यांना नेमके ठाऊक होते. शिवाय त्यांनी ते काम कारागिराच्या मर्जीवर न सोडता किल्ल्यावरील अधिकाऱ्याच्या जबाबदारीत घातले. राज्यशास्त्राच्या ग्रंथात तोफेच्या कानाला जागा मिळावी, ही मराठी प्रशासनाच्या दृष्टीची फार मोठी साक्ष आहे.

या समजेची कसोटी पाहणारी लढाई बीड जिल्ह्यातच झाली. गेवराई तालुक्यात गोदावरीच्या काठी असलेल्या राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशवे आणि रघुनाथराव यांच्या सैन्याने निजामअलीच्या फौजेचा पराभव केला. निजाम स्वतः काही सैन्यासह नदी उतरून औरंगाबादच्या बाजूला गेला होता, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण काठावर राहिला होता आणि तो या लढाईत मारला गेला. तिथीच्या हिशेबाने हे पावसाळ्याचे दिवस, आणि नदीला पाणी. त्या काळी प्रचलित असलेली तोड्याची बंदूक जामगीने, म्हणजे सोऱ्यात मुरवलेल्या पेटत्या वातीने, डागली जाई. त्यामुळे वात, रंजक आणि नळी अशा तीन जागी ओल शिरण्याची भीती असे. माधवरावांच्या डावपेचांचे आणि रघुनाथरावांच्या सुटकेचे वर्णन इतिहासकारांनी पुष्कळ केले आहे, व ते योग्यच आहे. त्या वर्णनाच्या शेजारी एवढे मात्र नोंदले पाहिजे, की महिनोन्‌महिने पळत्या मोहिमेवर असलेल्या फौजेत ज्याच्या बंदुका कोरड्या आणि मोकळ्या, त्यालाच पावसाळ्यात गोळीबाराचा भरवसा धरता येत होता.

हे काम ज्यांच्याकडे होते त्या शिकलगारांना गावगाड्यातील बारा बलुत्यांत स्थान नव्हते. त्यांचा उदरनिर्वाह गावाच्या धान्यावर न चालता सरदारांचे शिलेखाने, म्हणजे शस्त्रागारे, लष्कराच्या छावण्या आणि बाजारपेठा यांवर चाले. त्यांचे मुख्य साधन सराण. कुरुंद नावाच्या अत्यंत कठीण खनिजाची पूड लाखेत कालवून केलेले हे चाक आसावर बसवलेले असे. एक जण त्याच्या आसाला गुंडाळलेली दोरी आळीपाळीने दोन्ही बाजूंना ओढी, आणि दुसरा, म्हणजे कसबी हात, शस्त्र चाकावर धरी. पुडीचे कण जाड असलेल्या चाकावर गंज व खड्डे निघत, बारीक चाकावर पृष्ठभाग गुळगुळीत होई, आणि शेवटचे घासकाम चामड्याने किंवा लाकडाने होई. बंदुकीच्या नळीवर हे चाक तलवारीइतके मोकळेपणी चालवता येत नसे, कारण नळीच्या भिंतीची जाडी हीच तिची सुरक्षितता असते. म्हणून बाहेरून चिंचेचा कोळ, राख, विटकरीची बारीक भुकटी अशी सौम्य साधने आणि आतून गजाला गुंडाळलेली चिंधी वापरावी लागे. ज्या नळ्या किंवा पाती पोलादाचे थर गुंफून केलेल्या असत, त्यांवर उजळणीनंतर हिराकसाचे, म्हणजे लोहाच्या सल्फेटचे, पाणी फिरवीत, त्यामुळे पोलादातील लहरींची नक्षी, जिला जौहर म्हणतात, ती उठून दिसे. थर न गुंफताही अशीच नक्षी देणारे मुशीतले पोलाद निजामाच्या मुलखातच, आजच्या तेलंगणातील कोनासमुद्रम येथे बनत असे आणि ते विकत घेण्यासाठी इराणी व्यापारी तेथवर येत. तेव्हा दख्खनच्या शिकलगारांच्या हाताखालून जाणारे लोखंड कधी कधी जगातील उत्तम प्रतीचे असे, हे विसरता येत नाही.

तेलाच्या निवडीतही अनुभवाचे शास्त्र होते. बीड हा करडईचा मुलूख, पण करडईचे तेल हवेत हळूहळू सुकून चिकट पापुद्रा धरते. त्यामुळे हलत्या भागांना ते लावून शस्त्र दीर्घकाळ ठेवले तर चाप आणि घोडा जखडून जातात. जवसाचे तेल त्याहून लवकर सुकते, आणि नेमक्या याच गुणामुळे ते लाकडी दस्त्याला उपकारक ठरते, कारण लाकडात मुरून सुकलेला थर पाणी अडवतो. एकाच तेलाचा जो गुण लाकडाला तारतो तोच लोखंडी कळीला मारतो. खनिज तेल बाजारात येईपर्यंत या प्रश्नाला पूर्ण उत्तर नव्हते. थोडे तेल, वारंवार पुसणे आणि पुन्हा थोडे तेल, हाच मार्ग होता.

अठराव्या शतकाच्या अखेरीस बंदुकीचे रूप आणि त्याबरोबर उजळणीचा अर्थही बदलला. बीडच्या सीमेलगत, आजच्या जामखेड तालुक्यातील खर्डा येथे ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम समोरासमोर आले, तेव्हा निजामाकडे रेमंड या फ्रेंच सेनानीने तयार केलेल्या पलटणी होत्या आणि मराठ्यांच्या बाजूला शिंद्यांच्या पेराँच्या हाताखालील कवायती पायदळ होते. या पलटणींच्या हाती चकमकीची बंदूक होती, म्हणजे गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडणारी. कवायती सैन्यासोबत युरोपातली एक सवयही आली: नळी बाहेरून आरशासारखी चकचकीत ठेवणे. विटकरीच्या भुकटीने रोज घासलेल्या नळ्या वर्षागणिक झिजत जात, तिकडच्या लष्करी जाणकारांनीही या सवयीवर टीका केली, आणि एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सैन्याने नळ्यांना मुद्दाम तपकिरी रंगाचा, गंज रोखणारा थर देण्यास सुरुवात केली. स्वच्छता आणि चकाकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संचलनाच्या मैदानावर हा भेद पुसला गेला आणि त्याची किंमत लोखंडाने मोजली.

एकोणिसाव्या शतकात बीड जिल्ह्यातील शस्त्रांच्या निगेचे एक केंद्र अंबाजोगाई हे होते. निजामी अमदानीत मोमिनाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावी हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमाखाली ठेवलेल्या फौजेच्या, घोडदळाची छावणी होती. या घोडदळात शिलेदारीची पद्धत होती: स्वार घोडा, खोगीर आणि बहुतेक सरंजाम स्वतःचा आणी आणि त्यापोटी अधिक पगार घेई. जे शस्त्र स्वाराच्या मालकीचे, त्याची निगा त्याच्याच खिशातून होणार हे ओघाने आले, आणि अशा छावणीभोवती खोगीर शिवणाऱ्या, नाल ठोकणाऱ्या आणि शस्त्र उजळणाऱ्या कारागिरांना काम मिळत असे. पुढे सरकारी बंदुका आल्या, तेव्हा त्यांची तपासणी आणि दुरुस्ती पलटणीच्या आर्मोररकडे, म्हणजे शस्त्रांचे तांत्रिक काम पाहणाऱ्या पगारी माणसाकडे, गेली. बाजारातील शिकलगाराच्या हातून बंदूक सुटली ती येथून, आणि कायद्याने हे अंतर वाढवले ते नंतर.

मोमिनाबादहून औरंगाबादला गेलेल्या कंटिन्जंटच्या पहिल्या घोडदळात जून १८५७ मध्ये असंतोष उसळला आणि पुण्याहून आलेल्या जनरल वुडबर्नच्या तुकडीने तो मोडून काढला. त्या वर्षीच्या उठावाची कारणे अनेक आणि खोल आहेत, परंतु त्यातील सर्वांत गाजलेल्या कारणाचा, म्हणजे काडतुसाला लावलेल्या चरबीचा, संबंध थेट नळीच्या स्वच्छतेशी आहे. एन्फिल्ड रायफलीच्या नळीत आतून फिरत्या खाचा होत्या, त्या खाचांत काळ्या दारूचा थर घट्ट बसला की गोळी तोंडाकडून उतरत नसे, आणि तो थर मऊ राहावा व गोळी सरकावी म्हणून काडतुसाच्या कागदाला वंगण दिले होते. नळी आपोआप मोकळी राहण्याची ही सोय होती. ती करताना, ज्या शिपायांनी ते काडतूस दातांनी तोडायचे त्यांच्या धर्मभावनेचा विचार झाला नाही, आणि एका वंगणाचा प्रश्न राज्याच्या मुळाशी जाऊन भिडला. याच सुमारास रूढ झालेल्या टोपीच्या बंदुकीने, म्हणजे छोट्या टोपीतील स्फोटकाने बार पेटवणाऱ्या बंदुकीने, आणखी एक क्षार आणला. टोपीतील स्फोटक मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असे, ते जळून मिठासारखा क्षार मागे राही, आणि धूर न करणारी नवी दारू आल्यावरही काडतुसाच्या पेटवणीत तो विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून राहिला. म्हणूनच .३०३ रायफलीच्या नळीतून गोळीबारानंतर उकळते पाणी ओतण्याचा शिरस्ता होता.

१९०३ मध्ये हैदराबाद कंटिन्जंट भारतीय लष्करात विलीन झाली. त्याआधीच, १८७८ च्या हत्यार कायद्याने ब्रिटिश हद्दीतील सामान्य माणसाच्या हातून बंदूक परवान्याच्या कक्षेत गेली होती. निजामाच्या मुलखाला तो कायदा आपोआप लागू नव्हता, तरी लगतच्या नगर-सोलापूर भागात शिकलगारांचे जे झाले तेच थोड्याफार फरकाने इकडेही घडले. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत शिकलगारांची नोंद येते ती, पूर्वी शस्त्रे उजळणारे आणि आता सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे लोक अशी. सराण तीच राहिली, तिच्यासमोरचे लोखंड बदलले: अडकित्ता, शिंप्याची कात्री, खाटकाची सुरी. मुसलमान शिकलगारांबरोबरच मराठवाड्यात शीख शिकलगारांच्याही वस्त्या आहेत, आणि त्यांच्या स्मृतीचे केंद्र नांदेडला आहे, जेथे १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांचे देहावसान झाले. तेथील तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे दिवाळीच्या सुमारास होणाऱ्या ‘तख्त स्नान’ विधीत गोदावरीचे पाणी आणून तख्ताबरोबर शस्त्रेही स्वच्छ केली जातात. शस्त्राची निगा हे उपासनेचेच अंग मानणारी ही परंपरा असताना, वसाहतकाळापासून भटक्या कारागिरांकडे संशयाने पाहण्याची जी सवय प्रशासनाला लागली, तिने या समाजाचे फार नुकसान केले, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. १९५९ चा शस्त्र कायदा १९६२ मध्ये अमलात आला. त्याच्या पाचव्या कलमान्वये बंदुकीची निर्मिती आणि विक्री यांबरोबर दुरुस्तीलाही परवाना लागतो. म्हणजे परवानाधारकाने स्वतःची बंदूक पुसणे, तेल देणे हे त्याचे कर्तव्यच असले, तरी बिघडलेला घोडा किंवा सैल झालेली नळी गावच्या कारागिराकडून बसवून घेणे गुन्हा ठरते, आणि सार्वजनिक सुरक्षिततेच्या दृष्टीने हा निर्बंध आवश्यकही आहे. निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेतली जातात. मस्साजोगच्या सरपंचांच्या डिसेंबर २०२४ मधील हत्येनंतर बीडमधील शस्त्रपरवान्यांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि जिल्हा प्रशासनाने पुढे अनेक परवाने रद्द केले. ज्या जिल्ह्यात बंदूक दहशतीचे साधन झाली, तेथे हे पाऊल योग्यच होते. पोलिसांच्या स्वतःच्या शस्त्रांची निगा मात्र ठरलेल्या पद्धतीने होते: शस्त्रागारात, ज्याला पोलीस कोत म्हणतात, दोरीला वजन बांधलेल्या पुलथ्रूने चार इंच बाय दोन इंचांची चिंधी नळीतून ओढून. ही दोरीही सरळ ओढावी लागते, कारण तोंडाशी घासत राहिलेली दोरी पोलादालासुद्धा खाच पाडते आणि नेम बिघडवते.

खंडेनवमीला, म्हणजे आश्विन शुद्ध नवमीला, घरातील शस्त्रे आणि अवजारे स्वच्छ करून पुजण्याची चाल या जिल्ह्यात आजही आहे, आणि जुन्या घराण्यांतील निकामी ठासणीच्या बंदुका व तलवारी या निमित्ताने बाहेर निघतात. येथे एक धोका आहे, आणि तो कळकळीने सांगणे आवश्यक आहे. चकाकी यावी म्हणून विटकरीची भुकटी, काचकागद किंवा विजेवर चालणारे घासचाक वापरले, की लोखंडाबरोबर त्यावरील सोन्या-चांदीचे तारकाम, कारागिराची मुद्रा, शिलेखान्याचा अनुक्रमांक आणि पोलादातला जौहर हे सर्व निघून जाते, आणि ते पुन्हा मिळत नाही. संग्रहालयांतील जतनतज्ज्ञ अशा शस्त्रावर केवळ सुटा, पावडरीसारखा गंज मऊ ब्रशने काढतात, ओलावा पूर्ण घालवतात आणि रासायनिकदृष्ट्या तटस्थ मेणाचा पातळ थर देतात. घट्ट बसलेला तपकिरी रंग तसाच ठेवतात. शस्त्र चामड्याच्या म्यानात किंवा पिशवीत कायम ठेवणेही ते टाळतात, कारण कातडे कमावताना वापरलेली आम्ले आणि क्षार ओल धरून लोखंड खातात. घरातील बंदूक चालण्याजोगी असेल तर तिला परवाना हवाच. ती निकामी असेल तर पूजेपूर्वी नळीवरील अक्षरांचे आणि खुणांचे छायाचित्र घ्यावे, मग कोरड्या सुती कापडाने पुसून मेण लावावे.